बटाट्याची सुट्टी

दिवाळी आली की आपल्या शाळांना सुट्टी लागते. युरोपात डेन्मार्क नावाचा एक लहान देश आहे. तिथेही ऑक्टोबरच्या मध्यावर शाळा आठवडाभर बंद असतात. तिकडे वर्षाचे आठवडे मोजायची रीत आहे. त्या मोजणीने हा ४२ वा आठवडा. ह्या सुट्टीला शरदाची सुट्टी म्हणतात. पण जुनी माणसे तिला अजून 'कार्टोफेल-फेरिए' म्हणतात. म्हणजे काय? तर बटाट्याची सुट्टी!

हे नाव का पडले, ते पाहू. डेन्मार्कचा मोठा भाग पूर्वी शेतीवर जगत असे. राजाने सन १७५९ पासून जर्मनीतली शेतकरी कुटुंबे आणून पश्चिमेकडच्या माळरानावर वसवली. जमीन हलकी, वारा बोचरा. धान्य नीट येईना. त्या लोकांनी बटाटा लावला आणि तो तगला. लोक त्यांना 'बटाटे-जर्मन' म्हणू लागले. पुढे बटाटा घरोघरी रोजच्या जेवणात आला.

बटाटा ऑक्टोबरात काढायचा असतो. थंडीने जमीन गोठली की पीक गेलेच म्हणून समजा. तेव्हा यंत्रे नव्हती. मोठी माणसे माती उकरत आणि पोरे मागून वाकून बटाटे टोपलीत भरत. शाळेत यायला पोर उरेना, म्हणून शाळाच बंद ठेवू लागले. आज बटाटे यंत्र काढते. काम गेले, पण सुट्टी राहिली.

परक्या घरी एक वर्ष

ह्या सुट्टीत डेन्मार्कच्या काही घरांत दुसऱ्या देशाचे पोर असते. ते पाहुणे नसते आणि पैसे देऊन राहणारेही नसते. त्याला 'अदलाबदलीचा विद्यार्थी' म्हणतात. पंधरा ते अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी परदेशी जाते, तिथल्या घरात राहते आणि तिथल्याच शाळेत शिकते. बहुतेक मुले ऑगस्टात जातात व पुढच्या उन्हाळ्यात परततात. भारतातूनही मुले अशी जातात.

ही कल्पना कुठून निघाली? पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले. तेव्हा काही अमेरिकन तरुण फ्रान्समध्ये गाड्या हाकून जखमी शिपायांना दवाखान्यात पोचवत. त्यांच्या संस्थेचे नाव ए. एफ. एस. दुसऱ्या महायुद्धातही तिने हेच काम केले. लढाई संपल्यावर तिच्या लोकांनी विचार केला, की जखमी उचलण्यापेक्षा लढाईच होऊ नये, हे बरे. एका देशाचे पोर दुसऱ्या देशाच्या घरात जेवले, झोपले, तर त्या देशाशी वैर धरणे त्याला जड जाईल. म्हणून १९४७ साली त्यांनी शाळकरी मुलांची अदलाबदल सुरू केली. आज हे काम करणाऱ्या आणखीही संस्था आहेत.

अशा संस्थांत सांभाळणारे घर बहुधा मोबदला घेत नाही. आपल्या मुलाबरोबर आणखी एक ताट वाढायचे, एवढेच. मात्र मुलाच्या आईबापांना संस्थेची फी भरावी लागते. काहींना शिष्यवृत्ती मिळते. गावात संस्थेचा एक माणूस नेमलेला असतो. घरात काही अडचण आली तर मुलाने त्याला सांगायचे. जरूर पडली तर घर बदलूनही मिळते.

सुट्टीतच खरी परीक्षा

शाळा चालू असते तोवर दिवस भरभर जातात. सुट्टी लागते आणि पोर दिवसभर त्या घरात असते. बाहेर थंडी, पाऊस, वारा. सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि सहानंतर थोड्याच वेळात मावळतो. झाडांची पाने पिवळी, तांबूस होऊन गळतात. दिवस लहान झाला की झाड पानांतला हिरवा रंग मोडून त्यातला कस आत ओढून घेते आणि पान सोडून देते. नव्या माणसाला वाटते, सगळे रानच वाळून चालले. तसे नसते. झाड हिवाळ्याची तयारी करत असते.

अशा वेळी पोराला घर आठवते. इकडे दिवाळी कधी त्याच आठवड्यात येते, कधी थोडी पुढे. आई फराळाला लागली असेल, हे त्याच्या मनात येते. मग ते खोलीचे दार लावून घेते आणि तासन् तास घरी फोनवर बोलत बसते. घरची माणसे बाहेर वाट पाहतात. त्यांना वाटते, आपले काही चुकले का? आपला स्वयंपाक आवडला नाही का? दार बंद ठेवले की दोन्हीकडे गैरसमज वाढतो.

म्हणून आईबापांनी एक करावे. फोन रोज लांबवू नये. आठवड्याचा एक दिवस ठरवावा. ह्या सुट्टीत तिथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. आणि सहा ही तर त्यांची जेवणाची वेळ! घर एकत्र बसते ते तेवढ्याच वेळी. तेव्हा फोन मुळीच करू नये.

त्या घरचे नातेगोते

सुट्टीत बरीच कुटुंबे आजीकडे जातात, किंवा समुद्राकाठच्या लहान घरात राहायला जातात. आपल्याला गंमत वाटेल अशी एक गोष्ट इथे सांगतो. इंग्रजीत मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्यांना एकच शब्द. डेनिश भाषेत तसे नाही. 'मोर' म्हणजे आई, 'फार' म्हणजे बाप. आईची बहीण ती 'मोस्टर', म्हणजे आपली मावशी. बापाची बहीण ती 'फास्टर', म्हणजे आत्या. आईचा भाऊ तो 'मोरब्रोर', म्हणजे मामा. आईची आई 'मोरमोर' आणि बापाची आई 'फारमोर'. आपल्याकडच्या पोराला हे शिकायला वेळ लागत नाही.

जेवण झाले की तिकडे ताट ठेवून उठून जात नाहीत. ज्याने रांधले त्याला 'टाक फॉर माड' म्हणतात. 'अन्नाबद्दल आभार' असा त्याचा अर्थ. आपल्या कानाला 'ताक' ऐकू येते आणि वाटते, जेवणावर ताक मागितले!

जेवणाचे एक मात्र आधीच सांगून ठेवावे. तिकडे डुकराचे मांस पुष्कळ खातात. आपले पोर काय खाते, काय खात नाही, हे जाण्यापूर्वीच्या अर्जात स्पष्ट लिहावे. तसे लिहिले म्हणजे घरातल्या लोकांना वाईट वाटत नाही. ताटात वाढल्यावर नाक मुरडले, तर वाटते.

पाहुणा की घरचे पोर?

आता मुख्य मुद्दा. पाहुणा एक दिवसाचा, फार तर दोन दिवसांचा. वर्षभर पाहुणा म्हणून कोणाला राहता येत नाही. डेन्मार्कच्या बहुतेक घरांत नोकर नसतो. बाप भांडी घासतो, मुलगा कपडे धुतो, मुलगी अंगणातली गळलेली पाने गोळा करते. सुट्टीत सफरचंदे उतरवणे, लाकडे आणणे, भाजी चिरणे अशी कामे निघतात. कोणी कोणाला हुकूम करत नाही. आपण उठून हात लावायचा असतो.

इथे आपली काही मुले अडतात. घरी आईने ताट पुढ्यात आणून ठेवलेले आणि बहिणीने उचललेले. तिथे मुलगा जेवून तसाच बसून राहिला, तर घरातली माणसे तोंडाने काही बोलत नाहीत, पण मनातून तो पाहुणाच राहतो. जो उठून ताटली विसळतो तो त्या घरचा होतो.

आम्ही पुष्कळ वर्षे शाळा चालवली. मुलांच्या परीक्षांचे निकाल आम्ही फळ्यावर लावत होतो. कोण घरी आईला पाणी भरू लागतो, ह्याचा निकाल मात्र कुठे लागत नाही. परक्या घरात तोच निकाल पहिला लागतो. शेतकऱ्याच्या पोराने ह्याची लाज धरू नये. ज्याने सुट्टीत भुईमूग उपटला, कांदा काढला, त्याला बटाट्याची सुट्टी कोणी शिकवायला नको. त्याला फक्त एवढे सांगायचे, की स्वयंपाकघरातले काम हेही कामच आहे आणि ते मुलाचेही आहे.

तेव्हा कोणाच्या घरचे पोर परगावी, परमुलुखी शिकायला निघणार असेल, तर कपड्यांची पेटी भरण्याआधी त्याला चार कामे शिकवा. स्वतःचे ताट धुणे, भात लावणे, कपडे धुणे आणि अडचण आली तर दार न लावता बोलणे. पुण्याला जावो की डेन्मार्कला, ह्या चार गोष्टी सगळीकडे चालतात. आणि शिकवायला दिवाळीच्या सुट्टीसारखा दुसरा वेळ नाही.