औषधाचा गुण आणि योगायोग

आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांधीत राबणाऱ्याला विंचू काही नवा नाही. विंचू डसला की कोणी मंत्र घालतो, कोणी पाला चोळतो, कोणी सुई टोचतो. आणि रोगी उठून बसला की जो तो श्रेय आपल्या पदरात पाडून घेतो. परंतु पुष्कळसे दंश काही न करताही उतरतात. तेव्हा ‘मला गुण आला’ ही साक्ष प्रामाणिक असली, तरी तेवढ्यावरून औषधाची पारख होत नाही. मग ती करावी कशी?

आम्हां बिडी कामगारांच्या व्यवहारातलाच दाखला घेऊ. समजा, आठ कामगारांपैकी चौघे युनियनच्या सभेला गेले आणि दुसऱ्या दिवशी नेमक्या त्या चौघांच्याच बिड्या छाटीत निघाल्या. ठेकेदार म्हणतो, ‘हा योगायोग.’ आम्ही म्हणतो, ठीक. घटकाभर तुमचेच खरे धरू. आठांतून चौघे निवडण्याचे ७० प्रकार होतात. नुसत्या योगायोगाने नेमके हेच चौघे सापडण्याचा संभव ७० त एक. इतका विरळा योगायोग मानण्यापेक्षा ठेकेदाराच्या म्हणण्यावरच शंका घेणे शहाणपणाचे नव्हे काय?

संख्याशास्त्राची रीत हीच. ‘औषधाने काही फरक पडत नाही’ असे प्रथम धरून चालावयाचे. यास शून्य परिकल्पना म्हणतात. मग दिसलेला फरक, किंवा त्याहूनही मोठा, केवळ योगायोगाने किती वेळा पडला असता ते मोजावयाचे. रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या ग्रंथापासून विसात एक ही मर्यादा रूढ झाली. संभव त्याहून कमी निघाला, तर परिकल्पना सोडावयाची.

विंचवावरच असा प्रयोग महाराष्ट्रात झाला आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर रूढ केले. त्याच्या जोडीला विंचूविषाची प्रतिलस दिल्यास अधिक लाभ होतो काय, हा पुढचा प्रश्न. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, विष भिनल्याची लक्षणे असलेल्या ७० रोग्यांचे ३५-३५ चे दोन गट केले. कोणता रोगी कोणत्या गटात, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता दैवगतीवर सोपविले. नाहीतर बरी प्रकृती एका बाजूला जमली असती. दहा तासांनी प्रतिलसीच्या गटात ३२ रोगी लक्षणांतून मुक्त झाले होते. नुसत्या प्राझोसिनच्या गटात ८. प्रतिलस निरुपयोगी मानली, तर या ७० जणांची वाटणी एक कोटी वेळा केली तरी एवढी तफावत एकदाही पडण्याची आशा धरता येत नाही.

परंतु या गणिताकडून भलतेच मागू नये. ७० त एक याचा अर्थ, ठेकेदार निर्दोष असण्याचा संभव ७० त एक, असा नव्हे. त्याचे खरे धरून काढलेला तो आकडा आहे. वीस कुचकामी औषधे तपासली, तर त्यांतले एखादे निव्वळ नशिबाने विसात एकाची मर्यादा ओलांडून जाईल. विकणारा एकोणीस झाकून तेवढेच दाखवील. उलट थोड्या रोग्यांत फरक दिसला नाही, म्हणजे औषध व्यर्थ ठरले असेही नाही. शिवाय महाडच्या प्रयोगात कोणाला काय दिले हे झाकलेले नव्हते. गणित योगायोगाला दूर सारते. पाहणाऱ्याचा कल दूर सारत नाही. त्यासाठी दोन्ही गटांना दिसायला सारखीच मात्रा देऊन, कोणती कोणाला हे रोगी व डॉक्टर या दोघांपासूनही गुप्त ठेवतात.

हा विचार केवळ पंडितांचा नाही. निरुपयोगी बाटलीवर मजुराची मजुरी जाते आणि विंचू डसलेल्या लेकराचे इस्पितळात पोचण्याचे मोलाचे तास मंत्रात जातात. म्हणून कोणी औषधाची थोरवी सांगू लागला, तर बरे झालेल्यांची नावे ऐकून थांबू नये. किती जणांना दिले, ज्यांना दिले नाही त्यांचे काय झाले आणि वाटणी कोणी केली, हे तीन प्रश्न विचारावेत. ते विचारण्यास पदवी लागत नाही.