पन्नास वर्षांपूर्वीचं डिझेल इंजिन आजही एका हँडलमध्ये चालू होतं, त्यामागचं कारण काय?

असा एखादा रील तुम्हीही पाहिला असेल. गोठ्याच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेलं जुनं ऑइल इंजिन. एक माणूस हँडल घालतो, चार-पाच वेढे मारतो, वरचा लिव्हर पाडतो आणि धड-धड-धड करत इंजिन चालू! खाली कमेंट ठरलेल्या असतात. 'जुनं ते सोनं', 'आताच्या इंजिनात दम नाही', 'कंपन्या मुद्दामच टिकू देत नाहीत'.

जुनी डिझेल इंजिनं टिकतात हे खरं, पण त्यामागचं कारण बऱ्याच जणांना वाटतं ते नाही. ज्याच्या विहिरीवर किंवा होडीत असं इंजिन आहे, त्याच्यासाठी हा नुसता गंमतीचा विषयही नाही. इंजिन ठेवायचं की विकायचं, त्यावर किती विसंबायचं, हा त्याच्यासाठी पैशाचा आणि कधी कधी जिवाचा प्रश्न असतो.

डिझेल इंजिनाला लागतं तरी काय?

पेट्रोल इंजिनात इंधन पेटवायला स्पार्क प्लग लागतो, म्हणजे वीज आली. डिझेल इंजिनात ती भानगड नसते. सिलिंडरमधली हवा पिस्टन साधारण सोळा-सतरा पटीने दाबतो. दाबलेली हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्यात डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेट घेतो.

म्हणजे हवा नीट दाबली गेली आणि स्वच्छ डिझेल वेळेवर पोचलं, की काम झालं. जुन्या इंजिनात डिझेल पोचवणारा पंपही गिअर आणि कॅमवर चालतो. बॅटरी नाही, सेन्सर नाही, वायरिंग नाही. जे नाहीच, ते बिघडणार कसं?

आणि तो लिव्हर? तो वर असताना एक व्हॉल्व्ह उघडा राहतो, त्यामुळे हवा दाबली जात नाही आणि हँडल सहज फिरतं. जड फ्लायव्हीलने वेग घेतला की लिव्हर पाडायचा. मग पुढचा जोर फ्लायव्हील लावतं.

खरं गुपित: काम कमी, लोखंड जास्त

इंग्लंडमधल्या डर्सली गावच्या लिस्टर कंपनीने १९२९ मध्ये 'सीएस' नावाचं इंजिन आणलं. आपल्याकडे राजकोटच्या कारखान्यांनी त्याच धाटणीची इंजिनं वर्षानुवर्षं बनवली. पिठाच्या गिरण्या, उसाचे चरक, विहिरीवरचे पंप, सगळीकडे ती चालली.

या इंजिनाचं एक सिलिंडर सुमारे १४०० सीसीचं. मिनिटाला ६५० फेरे आणि ताकद किती? फक्त ६ हॉर्सपॉवर. आता मारुती स्विफ्टमध्ये २०२० पर्यंत येणारं डिझेल इंजिन घ्या. ते त्याहून लहान, १२४८ सीसीचं, पण ४००० फेऱ्यांना साधारण ७५ हॉर्सपॉवर देतं.

लिस्टरचा पिस्टन सेकंदाला सरासरी ३ मीटर सरकतो. स्विफ्टचा पूर्ण ताकदीला जवळपास ११ मीटर. घासणं कमी, उष्णता कमी, भागांवरचा ताण कमी. जुन्या काळचं लोखंड काही जादूचं नव्हतं. त्या लोखंडाकडून मागणीच कमी होती. दहा किलोचं ओझं उचलायला पैलवान ठेवला, तर तो दमणार कशाला?

त्याची किंमतही मोजावी लागते. ६ हॉर्सपॉवरसाठी शेकडो किलोचं धूड सांभाळायचं. गाडीत ते चालणार नाही. विहिरीवर एका जागी बसवायचं असेल, तर चालतं.

गावात दुरुस्त होतं, म्हणून टिकतं

१९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली आणि मोटेची जागा हळूहळू इंजिनाने घेतली. किर्लोस्करचं 'एव्ही-१' हे ५ हॉर्सपॉवरचं, १५०० फेऱ्यांचं इंजिन अनेक शेतकऱ्यांना आजही तोंडपाठ आहे.

ही इंजिनं बिघडत नव्हती असं मुळीच नाही. रिंगा झिजायच्या, नोझल चोंदायचं, इंजिन एअर घ्यायचं. पण बिघाड गावातच निघायचा. तालुक्याला पिस्टन, लायनर, रिंगा मिळायच्या आणि मेकॅनिक पान्यांच्या एका सेटवर इंजिन खोलून पुन्हा बसवायचा. नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब दीड हजार बारच्याही वर जातो. जुन्या इंजिनाचं नोझल साधारण २०० बारला उघडतं. नव्या यंत्रणेतला दोष शोधायला कॉम्प्युटर लागतो आणि इंजेक्टर घरच्या घरी दुरुस्त होत नाही.

म्हणजे ज्याला आपण टिकाऊपणा म्हणतो, त्यातला मोठा वाटा 'दुरुस्त होण्याचा' आहे.

समुद्रात इंजिन का बंद पडतं?

कोकण किनाऱ्यावरच्या अनेक ट्रॉलरमध्ये ट्रकच्या इंजिनावरून घडवलेली अशोक लेलँडची सहा सिलिंडरची इंजिनं दिसतात. खारी, दमट हवा वायरिंग आणि कनेक्टर खाऊन टाकते, त्यामुळे तांडेलांना साधं, यांत्रिक पंपाचं इंजिन भरवशाचं वाटतं. ते बरोबरच आहे.

पण समुद्रात इंजिन बंद पडतं, तेव्हा दोष अनेकदा इंजिनात नसतो, डिझेलच्या टाकीत असतो. अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतली वाफ थंड होऊन पाणी साचतं, तळाशी गाळ बसतो. समुद्र शांत असेपर्यंत काहीच कळत नाही. वारा सुटला, होडी हेलकावे खाऊ लागली, की तो गाळ वर येतो आणि फिल्टर चोंदतो. म्हणजे ज्या वेळी इंजिनाची सगळ्यात जास्त गरज, नेमकं त्याच वेळी ते बंद.

रीलमध्ये न दिसणारी इंजिनं

आज दिसतात ती वाचलेली इंजिनं. त्यांच्याच वयाची जी जाम झाली, तडकली, ती कधीच भंगारात गेली. त्यांचा रील कोण बनवणार? म्हणून 'तेव्हाची सगळीच इंजिनं भारी होती' हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे धूर. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं. नव्या इंजिनातली गुंतागुंत बरीचशी हा धूर कमी करण्यासाठी आली आहे. भारतात जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरना 'ट्रेम-४' हे कडक नियम लागू झाले, तेही त्यासाठीच. म्हणजे नवीन इंजिन नाजूक वाटतं, पण ते जास्त कामं करतंय.

तुमच्याकडे जुनं इंजिन असेल तर

– धुराचा रंग बघा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल, तर डिझेल नीट जळत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय.

– एअर फिल्टर साफ ठेवा. मळणीच्या दिवसांत उडणारी धूळ लायनरला पॉलिश पेपरसारखी घासते.

– इंजिन किती तास चाललं ते वहीत लिहा आणि त्या हिशेबाने ऑइल बदला.

– टाकी शक्यतो भरलेली ठेवा, तळातलं पाणी अधूनमधून काढा. होडीत जादा फिल्टर आणि तो बदलता येणारा माणूस, दोन्ही हवेत.

– बंदर सोडण्याआधी कूलिंगचं पाणी बाहेर पडतंय ना, ते बघा.

– पट्ट्याला जाळी लावा. पदर, ओढणी, उपरणं अडकायला एक क्षण पुरतो.

– इंजिन विहिरीत उतरवून चालवू नका. धूर खाली साचतो आणि आत उतरलेला माणूस गुदमरून दगावू शकतो.

एवढं सगळं करूनही ऑइल पिणं थांबत नसेल आणि हँडल मारताना दाब लागत नसेल, तर रिंगा-लायनर तपासायची वेळ आली आहे. सुट्टे भाग मिळत असतील तर खर्च करा, इंजिन अजून बरीच वर्षं साथ देईल. भाग मिळतच नसतील, तर मात्र कितीही जीव लागलेला असला, तरी त्याच्या भरवशावर होडी समुद्रात नेऊ नका.