हृदयाचे जन्मजात छिद्र : चाळिशीतही तपासून घ्या



लागण, खत, पाणी हे आमचे नेहमीचे विषय. आज जरा वेगळे लिहीत आहोत.

आमच्या गटातील एक सभासद, वय 42. प्लॉट पाहायला निघालो की पन्नास पावलांवर थांबायचे. "वय झालं साहेब, दुसरं काय!" म्हणायचे. 42 हे काय वय झाले? शेवटी आम्हीच त्यांना पुण्याला नेले. इको तपासणीत हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र निघाले, तेही जन्मापासूनचे! घरचे चक्रावले. इतकी वर्षे कळले कसे नाही?

दोन वाफ्यांमधल्या बांधाला भोक पडले की भरल्या वाफ्याचे पाणी शेजारी जाते. तसेच इथे. डावीकडचे रक्त उजवीकडे येते आणि फुफ्फुसांवर जादा भार पडतो. शरीर हे वर्षानुवर्षे सोसते. मग चाळिशीच्या सुमारास दम, धडधड, पायाला सूज सुरू होते. छिद्र मोठे असून तसेच राहिले, तर काहींच्या फुफ्फुसातील रक्तवाहिन्या कठीण होतात आणि प्रवाह उलटा फिरतो. ओठ, नखे निळी पडतात. त्यानंतर छिद्र बुजवणेच धोक्याचे ठरते. अशा बाईला बाळंतपणही जिवावर बेतू शकते.

अभिनेत्री मधुबाला यांच्या हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधील पडद्याला छिद्र होते. 1969 साली, अवघ्या 36 व्या वर्षी त्या मुंबईत गेल्या. अमेरिकेत डॉ. गिबन यांनी 1953 सालीच यंत्राच्या साहाय्याने 18 वर्षांच्या मुलीचे वरच्या पडद्याचे छिद्र शिवले होते. पण आपल्याकडे त्या काळी ही विद्या बाल्यावस्थेत होती.

आज तसे नाही. पुण्यातच हे उपचार होतात. वरच्या पडद्याची बरीच छिद्रे जांघेतील शिरेतून नळी घालून, चकती बसवून बंद करता येतात. बाकीच्यांना शस्त्रक्रिया लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. रेशनकार्ड घेऊन चौकशी करावी. लहान मुलांची तपासणी अंगणवाडीत व शाळेत होते, ती चुकवू नये. तोडणी मजुरांच्या मुलांनाही आठवणीने न्यावे.

आमच्या सभासदांना चकती बसवली. परवा फेरीला ते पुढे आणि आम्ही मागे!

उसाला कीड दिसली की आपण गट ऑफिसला धावत येता. दम लागला तर वयावर ढकलू नका. डॉक्टर गाठा.