जुने घड्याळ : रंगवाल तर किंमत घालवाल

हाताने चावी देण्याच्या जुन्या घड्याळांचे शौकीन आज पुष्कळ आहेत. एचएमटी जनता, एचएमटी पायलट, फेवर ल्यूबा, वेस्ट एंड या नावांना मागणी आहे. परंतु सुस्थितीतील अस्सल माल मिळणे दुरापास्त झाले आहे.

सातपूरसारख्या कारखान्यांच्या वस्तीत याचे कारण उघड आहे. पाळीवर जाणाऱ्या कामगाराने घड्याळ जपून ठेवण्यासाठी नव्हे, वापरण्यासाठी घेतले. घाम, यंत्राचे तेल, लोखंडाचा कीस आणि नाशिकचा पावसाळा यांतून ते रोज गेले. त्यात नवा पुरवठाही थांबला. 1961 साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला सुरू झालेला एचएमटीचा घड्याळ-उद्योग क्वार्ट्झच्या स्पर्धेत मागे पडला आणि जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली.

दुसरे कारण मात्र आपल्याच हातचे आहे. डागाळलेली डायल खरवडून, नव्याने रंगवून, एकाची मशीन दुसऱ्याच्या केसमध्ये बसवून घड्याळ ‘नव्यासारखे’ केले जाते. परदेशी संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात. यात बदनामी होते ती प्रामाणिक कारागिराचीही.

दुरुस्ती करणे गैर नाही. दुरुस्ती लपवणे गैर आहे. ओले धान्य ढिगाखाली दडवणाऱ्या व्यापाऱ्याला हुजूर (स.) यांनी काय ताकीद दिली, हे आपण सर्व जाणतो. रंगवलेली डायल अस्सल म्हणून विकणे त्याहून वेगळे नाही.

तेव्हा कारागीर बांधवांनी मशीन साफ करावी, तेल द्यावे, काच बदलावी; डायलला हात लावू नये. अंधारात चमकणाऱ्या फार जुन्या डायलमध्ये रेडियम असू शकते. ती खरवडल्यास धूळ श्वासातून शरीरात जाते. बदललेला प्रत्येक भाग पावतीवर लिहावा. खरेदीदाराने भिंगातून अक्षरे पाहावीत : जाड, फिसकटलेली छपाई, तासाच्या खुणांशी न जुळणाऱ्या मिनिटांच्या रेघा आणि भडक रंग दिसल्यास सावध व्हावे.

डाग असलेली अस्सल डायल जाणकार आनंदाने घेतो. वडिलांचे घड्याळ घरात पडून असेल, तर रंगाऱ्याकडे देण्यापूर्वी जाणत्या घड्याळजीला दाखवा. एकदा खरवडलेली डायल पुन्हा अस्सल होत नाही.