जुनी लग्नाची कॅसेट संगणकावर घेताना चित्र वाकडं येतंय? आधी हे तपासा

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन पट्ट्यात अनेक घरांत लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट कपाटात पडून आहेत. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने, फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. त्यामुळे चालू मशीन हाताशी आहे तोवर कॅसेट उतरवून घ्यावी.

आधी कॅसेट उजेडात धरा. दमट हवेने फितीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट मशीनमध्ये घालू नका. बुरशी मशीनला आणि तिथून दुसऱ्या कॅसेटला लागते. जाणकाराकडून साफ करून घ्या.

चित्रावर आडवे पांढरे पट्टे येत असतील तर ट्रॅकिंगचं बटण फिरवून बघा, नाहीतर हेड साफ करून घ्या.

चित्र वरून एका बाजूला वाकतंय, उभ्या कडा थरथरतायत? म्हणजे फितीवरच्या ओळी नेमक्या वेळेवर पोचत नाहीत. जुना टीव्ही हे बरंचसं सांभाळून घ्यायचा, कॅप्चर कार्डाला ते जमत नाही. त्यासाठी टाइम बेस करेक्टर असलेला व्हीसीआर लागतो. तो नसेल तर मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडून बघा. काही मॉडेलमध्ये ही सोय असते.

माणसं जाडी दिसत असतील तर चित्राचं माप ४:३ ठेवा. अगदी तळाशी थरथरणारी बारीक पट्टी मात्र बिघाड नव्हे, ती नंतर कापता येते.

वाकडं उतरलेलं चित्र नंतर सरळ करणं फार कठीण. म्हणून आधी पाच मिनिटं उतरवून बघा, मगच पूर्ण कॅसेट लावा. काम झालं तरी मूळ कॅसेट फेकू नका.