हेड बदलण्याआधी कार्ड तपासा

इंकजेट प्रिंटर अचानक बंद पडला की दुरुस्तीच्या दुकानात बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: ‘हेड गेलं.’ हेड बदललं जातं आणि कित्येकदा तेही जोडताक्षणी जळतं. मग ‘माल डुप्लिकेट होता’ म्हणून विषय संपतो. खरं तर या प्रिंटरमधला विजेचा बिघाड सहसा एकाच भागापुरता राहत नाही. तो हेड, हेडची केबल आणि लॉजिक कार्ड (प्रिंटरचा मुख्य सर्किट बोर्ड) यांच्यात पसरतो. त्यामुळे तिन्ही तपासल्याशिवाय एकही बदलणं म्हणजे ग्राहकाचे पैसे जाळणं आहे.

कारण यंत्राच्या रचनेतच आहे. कॅनन आणि एचपीच्या घरगुती प्रिंटरमध्ये शाई फेकण्यासाठी उष्णता वापरतात. सूक्ष्म रोधक काही मायक्रोसेकंदांत सुमारे ३०० अंशांपर्यंत तापतो, शाईत बुडबुडा तयार होतो आणि थेंब बाहेर ढकलला जातो. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेला सोल्डरिंग आयर्न लागला आणि सुईतून शाई उडाली. तिथले संशोधक इचिरो एंडो यांना ही पद्धत त्यातून सुचली. एप्सन मात्र पिझो स्फटिक वापरतं. विजेचा दाब दिला की स्फटिक वाकतो आणि शाईला धक्का देतो. पद्धत कुठलीही असो, हेडपाशी दोन वेगळे दाब शेजारीशेजारी नांदतात. हुकूम वाहून नेणारं सर्किट ३.३ व्होल्टसारख्या कमी दाबावर चालतं, तर थेंब उडवायला त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. एप्सनच्या एल मालिकेतल्या अनेक मॉडेलांचा पॉवर सप्लाय ४२ व्होल्ट देतो. हे सगळं एका चपट्या केबलमधून जातं आणि तिच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर मिलिमीटरभरही नसतं. शाई पाण्यात बनवलेली आणि क्षारयुक्त असल्याने वीज वाहून नेते. या पट्ट्यांवर तिचा एक थेंब पसरला, की ४२ व्होल्ट थेट नाजूक सर्किटमध्ये घुसतात.

हा थेंब तिथे पोचतो तो बहुधा आपल्याच हातून. प्रिंटरचं बटण न दाबता भिंतीवरचा स्विच बंद केला, तर हेड आपल्या झाकणावर परत जाईलच असं नाही. ते उघडं राहतं, शाई वाळते, छिद्रं तुंबतात. मग कुणीतरी हेड काढून सिरिंजने द्रावण सोडतं, वरवर पुसतं आणि पुरतं कोरडं होण्याआधीच परत बसवतं. केबल तिरकी बसली किंवा वीज चालू असताना काढली-घातली, तरी परिणाम तोच. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये थोडा वेळ वीज साठून असते, हे तर अनेक जाणकारही विसरतात.

शॉर्ट झालेलं हेड भरमसाट प्रवाह ओढतं आणि लॉजिक कार्डावरचे हेड चालवणारे ट्रान्झिस्टर व फ्यूज उडवतं. एप्सनच्या बऱ्याच मॉडेलांत ए २२२२ आणि सी ६१४४ ही ट्रान्झिस्टरची जोडी दुरुस्ती करणाऱ्यांना तोंडपाठ असते. पुष्कळदा ट्रान्झिस्टर जळताना आतून शॉर्ट होतो आणि पुढे दाब अडवण्याचं काम सोडूनच देतो. अशा कार्डाला नवं हेड जोडलं तर ते वाचणार कसं? उलट, जळक्या हेडला नवं कार्ड जोडलं तर कार्डाचा बळी जातो. म्हणून वीज पूर्ण तोडून मल्टिमीटरने फ्यूज, ट्रान्झिस्टरचे पाय आणि हेडच्या वीजपट्टीपासून ग्राउंडपर्यंतचा रोध पाहावा. केबलच्या टोकांवर शाईचा ओलावा किंवा काळा डाग दिसला तर केबल बदलावी. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार जोडण्याचा प्रकार सर्रास चालतो. तो थांबलाच पाहिजे, कारण फ्यूज उडाला म्हणजे त्याने आपलं काम केलं.

यावर कुणी म्हणेल, की खरा दोष व्होल्टेजचा. काही वेळा तसं असतंही. वाटेत न्यूट्रल तुटला तर घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनवर ४०० पर्यंत दाब येऊ शकतो, आणि विजेच्या कडकडाटात यूएसबी किंवा नेटवर्कच्या तारेतूनही झटका शिरतो. मात्र तेव्हा बहुधा पॉवर सप्लाय जातो आणि एकही दिवा लागत नाही. दिवे लागून हेड हलताच प्रिंटर बंद पडत असेल, तर संशय हेडच्या बाजूलाच घ्यावा. स्पाइक गार्ड जरूर लावा, गडगडाट सुरू झाला की सगळ्या तारा काढा. पण केबलवरच्या शाईला स्पाइक गार्ड किंवा स्टॅबिलायझर अडवू शकत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा: एवढी तपासणी करण्यापेक्षा नवा प्रिंटर घ्या. कार्ट्रिजमध्येच हेड असलेल्या स्वस्त मॉडेलचं कार्ड गेलं, तर मलाही हे पटतं. असा बंद पडलेला प्रिंटर भंगारात न देता ई-कचरा म्हणून द्यावा, कारण २०२३ पासून लागू असलेल्या नियमांत प्रिंटरचा समावेश आहे. शाईच्या टाकीच्या प्रिंटरचा हिशोब वेगळा. त्याचं हेड महाग असतं, आणि झेरॉक्सच्या दुकानात किंवा शाळेच्या कार्यालयात रोजचं काम त्याच्यावर चालतं. दोन ट्रान्झिस्टर आणि एक फ्यूज बदलून तो उभा राहत असेल, तर फेकून देणं हे नुकसानच आहे. नवं हेड बसवायला परवानगी देण्याआधी दुरुस्ती करणाऱ्याला एवढंच विचारा: कार्डाचे ट्रान्झिस्टर आणि फ्यूज मोजले का? उत्तर ‘नाही’ असेल, तर प्रिंटर तिथे ठेवू नका.