पेटीचा गंधार का खटकतो?

तंबोरे जुळले, की क्षणभर डोळे मिटून ऐका. खर्जाच्या तारेतून, कुणी न छेडलेला एक गंधार अलगद उमलतो. आता त्याच्या जोडीला पेटीवर तोच गंधार दाबून ठेवा. सूर हलकेच थरथरू लागतो.

तार कंप पावते ती अखंड, आणि त्याच वेळी दोन, तीन, चार, पाच भागांतही. खर्ज सेकंदाला १२० कंपनांचा असेल, तर पाच भागांतली कंपने होतात ६००. हाच तंबोऱ्याचा गंधार, निसर्गाने दिलेला. पेटीचा तोच गंधार मात्र जवळपास ६०५ वर असतो. दोन माणसे जरा वेगळ्या चालीने बरोबर चालली, तर पावले कधी एकत्र पडतात, कधी चुकतात. तसेच इथे सेकंदाला सुमारे पाच हेलकावे ऐकू येतात.

हे पेटी बनवणाऱ्याचे अज्ञान नव्हे. कुणी काळी दोनमध्ये गातो, कुणी पांढरी पाचमध्ये. कुठल्याही पट्टीला षड्ज मानता यावा, म्हणून सप्तकाच्या जिन्याला बारा सारख्या पायऱ्या केल्या. त्यात पंचम जेमतेम ढळला. किंमत मोजली ती गंधाराने.

गळ्याला असे ठरलेले टप्पे नाहीत. दरबारीतला आंदोलित कोमल गंधार तर दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेतच झुलतो. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, त्यामागे हाही आक्षेप होता. ती बंदी मला टोकाची वाटते. पण संथ आलापीत गंधारावर थांबताना पेटीवाल्याने पट्टीवरचे बोट उचलावे आणि तंबोऱ्याला बोलू द्यावे.